पुढे रेघा, मागे गुट्ट्या

आमच्या घरात कोंबड्याच्या आधी हातोडा उठायचा. आमचं गाव धामणगाव बढे, आणि घरचा धंदा बैलगाडीची चाकं करण्याचा. आजोबांना आम्ही आबाजी म्हणायचो, सगळं गावही तेच म्हणायचं. फटफटायच्या आत ते ओसरीवरून उतरून भट्टीपाशी जाऊन बसायचे आणि त्यांचा पहिला ठोका ऐरणीवर पडला की माय चुलीत काटक्या सरकवायची. घरात घड्याळ नव्हतं असं नाही. होतं, पण त्याला चावी द्यायची आठवण कुणाला राहायची नाही, आणि हातोड्याला चावी लागत नसे. बाभळीच्या लाकडाचा भुसा, कोळशाचा धूर आणि माय भाजत असलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर यांचा मिळून जो एक वास व्हायचा, तो मला आजही एखाद्या लोहाराच्या दुकानावरून जाताना अर्धाच सापडतो. भाकरीचा भाग गायब असतो.

चाकावर धाव चढवायची असली की त्या दिवशी घरात कुणाला दुसरं काम नसायचं. धाव म्हणजे लाकडी चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. गोवऱ्यांचा गोल रचून त्यात ती तापवायची, लाल झाली की चौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच बायकांनी घागरी ओतायच्या. चर्र आवाज होऊन वाफ उठायची, लोखंड आक्रसून लाकडाला असं आवळायचं की सांधे कुरकुरायचे. आबाजी मग चाकावर लाकडी हातोडी वाजवून कान लावायचे. त्यांच्या लेखी जगातली सगळी चाकं दोन प्रकारची, घट्ट धावेची आणि ढिल्या धावेची. माणसांचीही त्यांनी तशीच वाटणी केली होती, आणि माझ्या बाबांना त्यांनी एके दिवशी पहिल्या ढिगातून काढून दुसऱ्यात टाकलं. कारण बाबांनी ट्रक आणला.

ट्रक लष्करानं वापरून मोडीत काढलेला होता. हिरव्या रंगाचे पोपडे निघालेले, एक दरवाजा दोरीनं बांधलेला, आणि हँडल मारून सुरू करायचा म्हणजे दोन माणसांचा घाम. बाबा आणि त्यांचे दोस्त रशीदचाचा यांनी तो भागीत घेतला. रशीदचाचा रोहिणखेडचे. तरुणपणी फौजेच्या गाड्या चालवून आलेले, त्यामुळे आमच्या पंचक्रोशीत ‘डायवर’ म्हटलं की तेच. अंगानं काटकुळे, डोक्याला कायम मफलर, उन्हाळ्यातसुद्धा. बाबांच्या डोक्यात एक साधी गोष्ट होती. रोहिणखेडच्या पलीकडच्या मळ्यांतली हिरवी मिरची बैलगाडीनं मलकापूर स्टेशनापर्यंत जाईतो मान टाकायची. ट्रकनं ती सकाळी निघून दुपारच्या मालगाडीला ताजी पोचेल. बोलणं खरं होतं आणि उन्हाळाभर ते खरं ठरलंही. पण मिरचीचा खरा बहर असतो पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात आमची काळी माती कुणाचं ऐकत नाही. पहिल्याच पावसाळ्यात ट्रक पांदणीत, म्हणजे दोन बाजूंच्या शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेत, आसापर्यंत रुतला. बैलांच्या चार जोड्या लावून तो बाहेर काढला आणि गावापर्यंत तसाच ओढत आणला. पोरं मागून नाचत होती. बाबा स्टिअरिंगपाशी बसून सरळ पुढे बघत होते, जसं काही ते स्वतःच्या वरातीत बसले होते.

त्यानंतर ट्रक घरामागे ताडपत्रीखाली उभा राहिला. कोंबड्यांनी केबिनमध्ये अंडी घातली. माय म्हणायची, “चला, काही त उत्पन्न देऊन राह्यली गाडी.” बाबा हसायचे, पण आबाजी हसत नसत. त्यांना सत्तरीत भट्टीचं काम झेपेनासं झालं होतं. धाव उचलताना त्यांच्या समोरचा चिमटा कायम बाबांच्या हातात असे, आणि आता ती जागा धरायला भाड्याची माणसं बोलवावी लागत. दुसऱ्या वर्षी आखाडात एकदा सगळे जेवायला बसले असताना त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

“हे पाह्य दामू,” ते म्हणाले, “येवढा एक पावसाळा घे. दसऱ्यापावतर तुही गाडी चिखलातून माल काढत असन त ठेव. नाही त विकून टाक अन् भट्टीवर ये. मी काही अमरपट्टा घेऊन नाही आलो. मह्यासमोर चिमटा कोन धरन?”

बाबा “हाव” म्हणाले, म्हणजे हो. एवढंच. त्या ‘हाव’मध्ये काय काय पणाला लागलं होतं हे मला पंधरा-सोळाव्या वर्षीही कळलं. ट्रक गेला असता तर रशीदचाचा मलकापूरला कुणा शेठच्या गाडीवर गेले असते, आणि बाबा भट्टीवर परत आले असते. ते चांगलं काम करायचे, पण तिथे बसल्यावर ते कधी शीळ घालत नसत. ट्रकवर घालायचे.

सगळी भिस्त टायरांवर होती. गाडीबरोबर आलेले टायर इतके झिजले होते की आतले धागे दिसायचे, कोपर फाटलेल्या सदऱ्यासारखे. नवे टायर तेव्हा दुकानात जाऊन उचलायची चीज नव्हती. नंबर लावायचा आणि वाट पाहायची. आमचा नंबर लागायची चिन्हं दिसू लागली तशी घरात एकच चर्चा सुरू झाली, घ्यायचे कोणते? रशीदचाचांना हवे होते रेघांचे, म्हणजे ज्यांच्यावर गोलाकार सरळ खाचा असतात, पक्क्या रस्त्यावर पळणारे. बाबांना हवे होते गुट्ट्यांचे, मोठ्या ठोकळ्यांचे, चिखलात पाय रोवणारे. एका रात्री जेवताना रशीदचाचांनी ताटातल्या पिठल्यात बोटानं सरळ रेघा ओढल्या. “हे पाह्य दामूभाऊ, पाणी असं रेघेतून निंगून जाते. गाडी सरळ चालते. अन् गुट्ट्या डांबरावर घातल्या त सारी गाडी गुनगुनते, टायर तापते, अन् ओल्या रस्त्यावर वळनात गाडी कुठं जाईन सांगता येत नाही.” बाबांनी आपल्या ताटातल्या पिठल्यात बोटांनी खड्डे पाडले. “अन् तुह्या रेघा चिखलानं भरल्या म्हंजे? भाकरीवानी गुळगुळीत! मंग फिर जाग्यावरच!” असं रोज. पिठलं असो, भरीत असो, अंबाडीची भाजी असो, आमच्या घरात त्या महिन्यात कोणी नुसतं जेवलं नाही. शेवटी माय वैतागली आणि म्हणाली, “दोघंही खाता का ताटं उचलू?”

माझा नातू परवा नव्या गाडीला टायर घेत होता. मोबाइलवर बोट सरकवत, रस्त्यावरचे, रस्त्याबाहेरचे, दोन्हीकडचे, कुठले घेऊ म्हणून तासभर बसला. पुण्यात त्याची गाडी रस्त्याबाहेर जाते ती फक्त मॉलच्या पार्किंगमध्ये. मी विचारलं, चिखलात कुठे नेणार आहेस बाबा? तर म्हणाला, “आजी, असावेत जवळ.” मला हसू आलं आणि थोडा हेवाही वाटला. आम्हाला दोन्ही असावेत असं वाटून घ्यायचीही सोय नव्हती. सहा टायरांचा नंबर, आणि ते संपले की पुढचे कधी मिळतील ते देवाला ठाऊक.

मलकापूरला टायर आणायला जायचं ठरलं तेव्हा माय म्हणाली, मला माझ्या भावाला भेटायचंय, आणि मी म्हणाले, मला मामाला भेटायचंय. खरं तर दोघींनाही टायर बघायचे होते. दुकानात टायर माणसाच्या उंचीचे ढीग करून रचले होते आणि नव्या रबराचा असा वास होता की डोकं हलकं व्हावं. दुकानदार शेठ म्हातारे होते, गादीवर लोडाला टेकलेले. त्यांनी बाबांना आणि रशीदचाचांना पाणी दिलं आणि एकच प्रश्न विचारला, “गाडी रस्त्यावर जास्ती चालते की रस्त्याखाली?”

“रस्त्यावर,” रशीदचाचा म्हणाले. “रस्त्याखाली,” बाबा म्हणाले. दोघं एकदमच.

शेठ हसले. “गाडी एकच हाये ना तुमची?”

मग पुन्हा पिठल्याचंच भांडण, पण ताटाशिवाय. रशीदचाचा म्हणत, पांदण ती केवढी, बाकी सगळा तर मलकापूरचा पक्का रस्ता. बाबा म्हणत, पण गाडी जिथे अडते ती जागा पांदणीतच आहे, पक्क्या रस्त्यावर कोण अडतंय? खरं म्हणजे दोघांचंही बरोबर होतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं. माय दाराशी पदर सावरून उभी होती. ती सहसा बाहेरच्या माणसांपुढे बोलत नसे. पण त्या दिवशी घरी परतायला उशीर होत होता.

“पुढच्या चाकाईले रशीदभाऊचे घाला,” ती म्हणाली, “अन् मागच्याईले ह्यांचे. पोराईले वाटून देतात तसं. अन् चला.”

शेठ लोडावरून उठून बसले. “बाई, मीही हेच सांगनार होतो,” ते म्हणाले. “पुढची दोन चाकं वळवाची, मागची चार ढकलाची. वळवाले रेघा, ढकलाले गुट्ट्या.” मग त्यांनी दोघांना बजावून सांगितलं की मागच्या जोडीतले दोन्ही टायर सारख्या उंचीचे ठेवायचे, चिखलात शिरताना थोडी हवा काढायची म्हणजे टायर पसरून बसतो, आणि पक्क्या रस्त्याला लागल्याबरोबर ती परत भरायची. माय तोवर रस्त्यावर जाऊन उभी राहिली होती. सांगायला हरकत नाही, त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या घरी कुठलंही भांडण जुंपलं की बाबा म्हणायचे, तुह्या मायले बोलवा.

टायर चढवले त्या संध्याकाळी अंगणात अर्धं गाव जमलं. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. आबाजी भट्टीपाशी बसून होते, उठले नाहीत. सगळे पांगल्यावर मात्र मी पाहिलं, ते ट्रकभोवती फिरत होते. एका गुट्टीत त्यांनी अंगठा दाबून पाहिला, काढला, पुन्हा दाबला. मी जवळ गेले तर म्हणाले, “दबते वो हे. जे चाक अंगठ्यानं दबते ते मणाचं वझं काय वाहीन?” आणि आत निघून गेले.

मग श्रावणाच्या शेवटी पावसानं झड लावली. आबाजी आणि मी रोहिणखेडपलीकडच्या मळ्यात होतो. मळेकऱ्यांचे म्होरके गंगारामबुवा, त्यांच्या बैलगाडीचं चाक दुरुस्त करायला आबाजींना बोलावलं होतं, आणि हत्यारांची पिशवी धरायला, वेळेवर चहा-पाणी बघायला माय मला त्यांच्याबरोबर पाठवायची. आम्ही रात्री तिथेच राहिलो. सकाळी ट्रक मिरची न्यायला येणार होता. मळ्यातल्या सगळ्या घरांची मिरची पोत्यांत भरून छपराखाली रचलेली होती आणि तिचा तिखट दर्प झोपेतसुद्धा नाकात जात होता. गंगारामबुवांनी साफ सांगून ठेवलं होतं, “दुपारपावतर टरक आला त ठीक. नाही त आमी बैलगाड्या जुपतो. मंग पुढच्या खेपेले दामूले बोलवाचं कामच नाही.” त्यात त्यांचा काही राग नव्हता. मिरची त्यांची होती.

उजाडताना पाऊस थांबला. मळ्याला येणारी पांदण मधल्या सखल भागात नुसता काला झाली होती. आबाजी काठी टेकत तिथे जाऊन उभे राहिले, बराच वेळ चिखल बघत राहिले, आणि मग ज्याची मी स्वप्नातही कल्पना केली नव्हती ते झालं. ते मागे वळून गंगारामबुवांना म्हणाले, “तुराट्या किती हायेत घरी?”

तुराट्या म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या. मळ्यातल्या बायकांनी त्या चुलीसाठी वर्षभर जपून ठेवलेल्या असतात. बैलगाडी चिखलातून काढायची तर आमच्याकडे तुराट्या अंथरायची रीत होती. लोखंडी धाव त्यांचा चुरा करत वरून निघून जाते. आबाजींनी आयुष्यभरात किती पांदणी अशा अंथरून घेतल्या असतील. आता ते चिखलात उभं राहून हुकूम सोडू लागले. पोरं भारे आणत होती, बायका अंथरत होत्या, माणसं कोयत्यानं लांब काड्या तोडून खोलगट जागी घालत होती. आबाजींचं धोतर गुडघ्यापर्यंत भरलं. “इथं अजून टाका. आडव्या टाका बे, उभ्या नाही.” मी तुराट्यांचा भारा घेऊन त्यांच्या जवळून गेले तेव्हा ते कुणाला तरी सांगत होते, “मह्या पोराची गाडी येऊन राह्यली. फसली नाही पाह्यजे.” माझे डोळे भरून आले. मी भारा तोंडासमोर धरला. आबाजी गाडी विकायला लावणार म्हणून मी त्यांच्यावर आतून रुसले होते, आणि हा म्हातारा तिच्यासाठी रस्ता अंथरत होता. दसऱ्यापर्यंतची मुदतही त्यांनी बाबांना भीती दाखवायला नव्हे, स्वतःच्या धीरासाठी घातली असावी असं मला आता वाटतं. त्यांना गाडी फसायला हवीच नव्हती. फक्त तसं कुणापुढे म्हणता येत नव्हतं.

काम उरकलं तोच पलीकडून भोंगा वाजला. ट्रक पांदणीच्या तोंडाशी येऊन थांबला. रशीदचाचांची सवय होती, नव्या वाटेवर आधी पायी उतरून बघायचं. ते उतरले. मला राहवलं नाही, मी तुराट्यांवरून धावतच त्यांच्याकडे निघाले. पायात टायरच्या चपला होत्या. नवे टायर आल्यावर मायनं जुन्यांमधून घरातल्या सगळ्यांना चपला करवून घेतल्या होत्या. मधेच उजव्या टाचेत असं काही टोचलं की मी मटकन बसले. चप्पल काढून बघितली तर कोयत्याच्या तिरक्या घावानं टोक आलेला तुराटीचा एक खुंट चपलेच्या तळातून आरपार वर आला होता. टाचेला रक्त होतं, पण ते थोडंच. रशीदचाचा धावत आले, “लागलं का बेटा?” म्हणाले, आणि मग त्यांची नजर त्या चपलेवर गेली. त्यांनी ती हातात घेतली. मग समोर पांदणभर पसरलेल्या तुराट्यांकडे पाहिलं. शेकडो तिरके खुंट, वर टोकं करून.

तोवर बाबाही आले. रशीदचाचांनी चप्पल त्यांच्यापुढे धरली.

“कोनं घातल्या ह्या?” बाबांनी विचारलं.

“आबाजीनं,” मी म्हटलं. “सकाळपासून घालून राह्यले. म्हने, मह्या पोराची गाडी फसली नाही पाह्यजे.”

बाबांनी पांदणीच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. तिथे आबाजी ओलं घोंगडं पांघरून, चिखलानं माखलेले, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. लांबून त्यांचं तोंड दिसत नव्हतं, पण मान ताठ दिसत होती. मग बाबा रशीदचाचांना म्हणाले, “चाल. घे गाडी याच्यावरून.”

“दामूभाऊ, टायर फाटतीन. पुढचे कवा भेटतीन काही नेम नाही. सारा धंदा याच्यावर हाये आपला.”

“फाटू दे. बुढ्यानं अंथरलं हाये. मले त्याले नाही म्हनता येत नाही.”

रशीदचाचांनी मफलर सोडला आणि पुन्हा गुंडाळला. ते गाडीकडे वळले, आणि मला वाटलं ते आता खरंच चालवतील, कारण बाबांच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नव्हते. मी चप्पल त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि एका पायानं लंगडत, तुराट्यांच्या कडेनं चिखलातून, आबाजींकडे निघाले. मोठ्यांच्या कामात तोंड घालू नये हे मला पक्कं शिकवलेलं होतं. पण चप्पल माझी होती, टाचही माझी.

“आबाजी, हे पाहा,” मी म्हटलं.

त्यांनी चप्पल घेतली. खुंट हातानं हलवून पाहिला, तो हलेना. मग चपलेच्या रबरात अंगठा दाबला, त्या संध्याकाळी गुट्टीत दाबला होता तसाच. त्यांनी एकदा ट्रककडे पाहिलं, एकदा स्वतः अंथरलेल्या वाटेकडे. आजूबाजूला सगळा मळा उभा होता, ज्यांच्या तीन पिढ्यांची चाकं त्यांनी केली होती ती माणसं. मला वाटलं, ते माझ्यावर ओरडतील. ते ओरडले, पण माझ्यावर नाही.

“उचला रे सारं! एकूनएक काडी उचला!”

कुणाला काही कळेना. गंगारामबुवा पुढे आले. “काऊन आबाजी? येवढ्या मेहनतीनं घातलं अन् आता उचला?”

“म्याच घालाले सांगतलं, म्याच उचलाले सांगतो. चुकलो मी. मी मह्या चाकाच्या हिशेबानं वाट केली. हे त्याचं चाक हाये. याची धाव लोखंडाची नाही.” आणि काठी बाजूला टाकून ते स्वतः वाकले आणि पहिली तुराटी उचलली. म्हाताऱ्याला वाकलेलं बघून मग कोण उभं राहणार? बाबा तिकडून धावत आले, त्यांच्या शेजारी वाकले. बाप-लेक एका रांगेत काड्या उचलत होते.

पांदण मोकळी झाली, पण चिखल होताच. “कुटार आना,” आबाजी म्हणाले. मळणीनंतरचं भुसकट गंगारामबुवांच्या गोठ्यामागे ढिगानं पडलं होतं. टोपल्यांनी आणून ते खोलगट जागी पसरलं. तिकडे रशीदचाचा टायरांची हवा सोडू लागले. फुस्स आवाज ऐकून आबाजी दचकले. धाव जाणूनबुजून ढिली करायची, हे त्यांच्या सत्तर वर्षांत बसणारं नव्हतं. ते “अरे, अरे” म्हणाले, पुढे झाले, आणि मग स्वतःच थांबले. हात पाठीमागे बांधून उभे राहिले. हे मला फार मोठं वाटलं, तेव्हाही आणि आजही.

ट्रक पांदणीत शिरला. मागची चाकं कुटार चावत, चिखल उडवत पुढे आली, मध्ये एकदा जागेवर फिरली आणि सगळ्यांच्या तोंडून “बाप्पा!” निघालं. गुट्ट्यांमध्ये माती गच्च भरली होती. लगेच बायका खुरपी घेऊन पुढे झाल्या. बैलगाडीच्या चाकाची माती खरवडायची त्यांना सवय होतीच. गुट्ट्यांच्या फटी मोकळ्या झाल्या, रशीदचाचांनी पुन्हा हळूच गाडी उचलली, आणि तो पोपडे निघालेला हिरवा ट्रक घरघरत मळ्याच्या बांधावर येऊन उभा राहिला. पोरांनी टाळ्या पिटल्या. गंगारामबुवा छपराकडे गेले आणि पहिलं पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन आले.

निघताना रशीदचाचा म्हणाले, “आबाजी, चला मलकापूरपावतर. येताना घरी सोडतो.” आबाजी याआधी कधी त्या गाडीत बसले नव्हते. ते काठी आत टाकून चढले आणि मधोमध बसले, माझ्या आणि बाबांच्या मध्ये, पाय वर घेऊन. परतीची पांदण त्यांनी डोळे मिटून काढली. डोळे उघडले ते पक्का रस्ता लागल्यावर.

रशीदचाचांनी तिथेच गाडी कडेला घेतली आणि हातपंप काढला. हवा भरल्याशिवाय भरली गाडी डांबरावर पळवायची नाही, हे शेठनं सांगितलेलं दोघांच्याही पक्कं लक्षात होतं. सहा टायर आणि एक पंप, आळीपाळीनं काम चाललं. बाबांचे हात भरून आले तेव्हा आबाजी खाली उतरले आणि त्यांनी पंप त्यांच्या हातातून घेतला. “बा, राहू द्या,” बाबा म्हणाले. आबाजींनी ऐकलं नाही. भाता चालवलेले हात होते, दमानं, एका लयीत ते हवा भरत राहिले. मग थांबले, धापा टाकत वाकले आणि टायरवर अंगठा दाबला.

“बसली का आता धाव घट्ट?”

रशीदचाचांनी काठीनं टायर ठोकून दाखवला. टण्ण आवाज आला. आबाजींनी कान लावून तो ऐकला आणि मान हलवली. मग पंप खाली ठेवून ते बाबांकडे वळले.

“दामू, उद्या कोन्या मळ्याची मिरची हाये?”

“नाल्यापल्याडची,” बाबा म्हणाले. “पन तिकडची पांदण याच्याहून खराब हाये, बा.”

“मंग कुटार भल्लं लागन,” आबाजी म्हणाले. “सकाळी घरूनच भरून घेऊ. मी येतो संगं.” आणि केबिनच्या पायरीवर पाय ठेवून त्यांनी मला हात केला. “सरक वो पोरी. खिडकीपाशी मले बसू दे.”